राग नागपूरवर, मार वनरक्षकाला

2 नोव्हेंबर 2025. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याने 13 वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. जेमतेम तीन आठवड्यांत त्या पट्ट्यातला हा तिसरा बळी. लोकांचा संयम सुटला, वनखात्याची गाडी पेटवली गेली. दुसऱ्या दिवशी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. पिंपरखेड येतं जुन्नर वनविभागात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्या आता उसाच्या फडातच जन्मतो नि वाढतो.

अशा वेळी वनरक्षकाच्या हातात असतं काय? पिंजरा, जाळीमागे बांधलेली शेळी आणि एक बॅटरी. माणसांच्या जिवावर उठलेल्या बिबट्याला मारण्याचा आदेश द्यायचा तो मुख्य वन्यजीव रक्षकांनी, आणि ते बसतात नागपूरला. फडाच्या बांधावर जमलेल्या गर्दीला नागपूर दिसत नाही, खाकीतला पोरगा दिसतो. रात्रीच्या विजेचा राग वायरमनवर निघतो तोही असाच; वेळापत्रक काही त्याने लावलेलं नसतं.

म्हणून हात उचलणाऱ्याला सूट द्यायची का? मुळीच नाही. सरकारी कामात अडथळा आणणाऱ्या हल्ल्याची शिक्षा महाराष्ट्राने 2018 मध्ये दोन वर्षांवरून पाचवर नेली होती. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली, कलम 353 चं 132 झालं आणि कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. फारसा गाजावाजा झाला नाही. (लोकांच्या तोंडी अजून ‘तीनशे त्रेपन्न’च आहे.) दुखापत केली तर कलम 121 खाली पाच वर्षं, जबर दुखापतीला दहापर्यंत. कलम 132 मधली ती गेलेली पाच वर्षं परत यावीत. मात्र हेच कलम साध्या आंदोलकांवरही सर्रास लागतं, ही तक्रार खोटी नाही.

सरकारी नोकर संकटात काय कामाला येतो, हे आंबेगावकरांना वेगळं सांगायला नको. 30 जुलै 2014 ला त्यांच्याच तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, 151 माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे कळवलं ते एसटीच्या चालकाने. सुट्ट्या पैशांवरून कॉलर धरली जाते ती त्याच्याच सहकाऱ्याची. एसटीचे कर्मचारीही कायद्याने लोकसेवकच.

पिंपरखेडच्या बिबट्याला नेमबाजांनी 4 नोव्हेंबरच्या रात्री टिपलं, गाडी जळाल्यावर दोनच दिवसांत. परवानगी आणि बंदूक इतकी झटपट येऊ शकते, तर दुसऱ्या बळीनंतर ती का आली नाही, याचं उत्तर वनरक्षकाकडे नाही. ते मंत्रालयाने आणि नागपूरने पिंपरखेडला येऊन द्यावं.