चौदा साती अठ्ठ्याण्णव

टिप्या गेला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सदरकाराच्या घरी अकरा माणसं येऊन गेली. त्यांतल्या नऊ जणांनी साताचा पाढा म्हटला. दारात चपला काढता काढता विचारायचं, "किती वर्षांचा होता हो?" इकडून उत्तर, "चौदा." मग नजर पंख्याकडे, ओठांची जराशी हालचाल, आणि हिशेब जुळल्याच्या समाधानात, "म्हणजे अठ्ठ्याण्णव! सोनं झालं की त्याचं." तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका तर पुढचंही गणित सोडवून गेले. अजून साडेतीन महिने काढले असते तर शतक झालं असतं, असं त्यांनी हळहळत सांगितलं आणि चहा घेतला.

सदरकाराच्या रागांची वाचकांना सवय आहे. लग्नपत्रिकेत चिमुकल्यांच्या नावानं छापलेली आमंत्रणं, पार्किंगमध्ये सुकत घातलेल्या चादरी, "जेवलात का?" असं दुपारी चारला विचारणारे लोक, हे सगळे या जागेत येऊन गेले आहेत. आता त्यात साताचा पाढा.

हा पाढा मुळात कच्चा आहे. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली शंभराच्या वर लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या, वयाबरोबर बदलणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या आणि नवं सूत्र मांडलं: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, १६ नं गुणा, ३१ मिळवा. या हिशेबानं वर्षाचं पिल्लू ३१ वर्षांचं असतं, म्हणजे स्थळं बघायला उशीरच झालेला, आणि चौदा वर्षांचा कुत्रा ७३ चा. शिवाय थोराड जाती लवकर म्हाताऱ्या होतात आणि चिमुकल्या जास्त जगतात, त्यामुळे ग्रेट डेनला आणि चिवावाला एकच पाढा चालत नाही. काकांना हे सगळं समजावून सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पंचवीस वर्षं बुडाली?"

टिप्या ना लॅब्राडॉर, ना ग्रेट डेन. तो गावठी. तांबूस अंग, पुढचे दोन्ही पाय पांढरे, एक कान उभा आणि एक आडवा. सदरकाराच्या मातोश्रींचं वय ८८, आणि त्यांना कुठलंच सूत्र मान्य नाही. "चौदा म्हणजे चौदा," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांचं वर्षश्राद्ध झालं त्या पावसाळ्यात रिक्षाखाली सापडला. धाकटीच्या लग्नात मांडवात शिरला तेव्हा चार वर्षांचा होता. गुणायचं कशाला?" बँकवाल्या काकांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

जुन्या वाचकांना टिप्या ओळखीचा आहे. मानधनाचा चेक पाकिटासकट खाणारा तो हाच. सकाळी घंटागाडीचं गाणं वाजलं की गॅलरीच्या गजातून तोंड बाहेर काढून साथीला सूर लावणाराही हाच. गाडीवरची पोरं त्याच्यासाठी खिडकीखाली मुद्दाम दोन मिनिटं जास्त थांबायची, आणि सोसायटीच्या सभेत त्यावर एकदा लेखी तक्रारही आली होती.

म्हातारपण त्याच्याकडे पायांकडून आलं. आधी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून तो काहीतरी हुंगल्याचं नाटक करायचा. दम लागलाय हे त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मग डोळ्यांवर निळसर झाक आली. तो मोतीबिंदू नव्हे, असं डॉक्टरांनी सांगितलं. वयानं डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, कुत्र्याला त्यातून बऱ्यापैकी दिसतं. दिसत होतंच, पण घर विसरायला लागलं. रात्री दोनला तो दाराशी जाऊन उभा राहायचा, तोही कडीच्या बाजूला नाही, बिजागरीच्या बाजूला. दार उघडलं तरी तिथंच. बाहेरची मोकळी जागा त्याच्या उजव्या हाताला आणि हा भिंतीकडे तोंड करून शांतपणे वाट बघतोय. म्हाताऱ्या कुत्र्यांची बुद्धी उतरू लागल्याची ही नेहमीची खूण आहे, रात्रीचा दिवस करणं ही दुसरी. सदरकारानं अशा पुष्कळ रात्री त्याला खांद्याला धरून अर्धा फूट उजवीकडे सरकवलं आहे.

पुढं मूत्रपिंडांनी हात टेकले. रोज संध्याकाळी खुंटीला सलाईनची बाटली लटकायची आणि पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरून बायको सुई घालायची. कातडीखाली पाण्याचं उंटासारखं मदार यायचं आणि तासाभरात जिरायचं. गेल्या पाच महिन्यांत सदरकाराच्या बायकोनं जेवढ्या सुया टोचल्या, तेवढ्या एखादी नर्सबाई पगार घेऊन टोचत असेल.

"कधी?" हा प्रश्न शेवटी आलाच. डॉक्टर शहाणे. त्यांनी उत्तर दिलं नाही, काम दिलं. याला मनापासून आवडणाऱ्या तीन गोष्टी कागदावर लिहा, म्हणाले. एकेक बंद होईल तशी खोडा. तिन्ही खोडल्या की मला फोन करा. सदरकारानं वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं: घंटागाडी. गच्चीतलं ऊन. पेढा.

पेढा म्हणजे आपला सातारी कंदी पेढा. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, गोड बेताचा. कुत्र्याला गोड घालू नये हे खरं, डॉक्टरही दर खेपेला बजावायचे. पण दर गुरुवारी पेठेतल्या ठरलेल्या दुकानात पाव किलो पेढे घेताना दुकानदार तुटका पेढा कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा, "हा त्याचा." बारा-तेरा वर्षं हा रिवाज होता. रिवाजापुढं डॉक्टरांचं काय चालतं?

घंटागाडी आधी खोडली गेली. त्याला ऐकू येईना. गाडी खाली दोन मिनिटं थांबायची आणि निघून जायची. गच्ची त्यानंतर. काही दिवस मुलगा त्याला उचलून वर नेत होता, पण उन्हातही तो थरथरायला लागला. पेढा मात्र दिवाळीनंतरही टिकला. मग एका गुरुवारी सकाळी त्यानं पेढा हुंगला, नाकानं थोडा पुढं ढकलला आणि मान वळवली.

पहिलं इंजेक्शन गुंगीचं होतं, दुसरं भुलीच्या औषधाचं, भुलीला लागतं त्याहून किती तरी जास्त. श्वास आधी थांबतो, हृदय मागून. डोळे मिटत नाहीत, हे डॉक्टरांनी अगोदर सांगितलं ते बरं केलं. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. आधी आठवडाभर डॉक्टर "झोपवायचं" म्हणत होते, शेजारी "मोकळं करा" म्हणत होते, आणि मातोश्रींनी यातला एकही शब्द उच्चारला नाही. त्या त्याच्या डोक्याशी बसून "झालं हं, झालं" म्हणत राहिल्या, नातवंडांना लस टोचताना म्हणायच्या तशा.

आता न्यायचं कुठं? मुंबई महापालिकेनं २०२३ साली मालाडला प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली आहे. सदरकाराला मात्र मेहुण्याचं शेत आहे, साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर, माहुलीच्या अंगाला. कुदळ-फावडं मेहुण्याचं, चार किलो खडे मीठ इकडून. कंबरभर खड्डा, खाली मीठ, वर मीठ, मग माती, आणि रानातल्या कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दोन मोठे धोंडे. तासाभराचं काम. परतताना गाडी संगम माहुलीला वळली. कुणी ठरवून वळवली नव्हती.

कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत. येसूबाईंची आहे, ताराबाईंची आहे, थोरल्या शाहू महाराजांची आहे. आणि एक कुत्र्याची आहे. नाव खंड्या. शाहू महाराजांना शिकारीचा नाद, आणि या कुत्र्यानं एकदा त्यांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. ग्रँट डफ इथंच, साताऱ्याच्या दरबारात, कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्यानं १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय की महाराजांनी या कुत्र्याला सनद देऊन जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा सगळा सरंजाम खरोखरच ठेवला गेला. महाराजांचं चित्त थाऱ्यावर नसतानाच्या दिवसांत सरदार भेटीला यायचे होते, तेव्हा त्यांनी कुत्र्याला भरजरी वस्त्रं आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. पुढं चित्त ठिकाणावर आलं. पण डोक्याला पगडी त्यांनी पुन्हा घातली नाही.

डफसाहेबानं हे विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकलं आहे. सदरकाराला त्या आठवड्यात ते तितकंसं विक्षिप्त वाटलं नाही.

महाराष्ट्रात कुत्र्याची समाधी म्हटलं की बोट रायगडाकडेच जातं. तिथला वाघ्या गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'मुळे घरोघर पोहोचला. १९३६ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून त्याचं स्मारक झालं, २०१२ मध्ये पुतळा उखडला गेला आणि परत बसवला गेला, २०२५ मध्ये पुन्हा वाद पेटला. वाघ्या खरा की नाटकातला, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. खंड्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही आणि कुणी त्याला उखडायलाही येत नाही. ज्या कुत्र्याच्या बाजूनं निदान डफसाहेबाचा तरी दाखला आहे, त्याच्याकडे फिरकायला कुणाला वेळ नाही.

व्हॉट्सअॅपवर तर त्या दिवशी सहा युधिष्ठिर आले. महाप्रस्थानाला निघालेला धर्मराज, मागून चालणारं कुत्रं, स्वर्गाच्या दारात अडवणूक, कुत्र्याला सोडून येणार नाही हा बाणेदारपणा. गोष्ट चांगलीच आहे. पण शेवटी ते कुत्रं कुत्रं नसतंच, प्रत्यक्ष यमधर्म असतो. सदरकाराची तक्रार इतकीच की एवढी हिमालयाची चढण चढूनही बिचाऱ्याला कुत्रा म्हणून आत घेतलं नाही. खंड्याचं तसं नाही. पगडी चढवली तरी तो कुत्राच राहिला, आणि मेल्यावरही कुत्रा म्हणूनच राजांच्या शेजारी पुरला गेला.

मेहुण्याला यातलं काही सांगितलं नाही. तो गाडीत बसून बुटांची माती काढत होता आणि शेताच्या त्या कोपऱ्यात आंबा लावू का, केशर की हापूस, असं विचारत होता.

पुढच्या गुरुवारी सदरकाराचे पाय सवयीनं पेठेकडे वळले. दुकानात गर्दी होती. कुणाला मुलगा झाला होता, कुणी दहा किलोची ऑर्डर नोंदवत होतं. पेढे लोक आनंदाच्या बातमीलाच घेतात, त्यामुळे त्या दुकानात कुणी कुणाला वेगळं काही सांगत नाही. पाव किलोचा पुडा काउंटरवर आला. दुकानदारानं खाली वाकून कागदात गुंडाळलेला तुटका पेढा त्याच्यावर ठेवला. "थंडीत पाय दुखत असतील ना त्याचे?"

सदरकार "हो" म्हणाला आणि सुट्टे पैसे मोजू लागला. सांगायला हवं होतं. येत्या गुरुवारी सांगेल.