नाटक दुपारचं असावं



मागच्या लेखात बिनकांद्याच्या गोड्या मसाल्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणींचे फोन आले. आज स्वयंपाकघरातून जरा बाहेर पडते. फार लांब नाही जात, कारण आजचा विषयही जेवणाच्या वेळेपाशीच येऊन अडतो.

मला नाटकाचं वेड आहे. माहेर सांगलीचं, त्यामुळे इलाजच नाही. आमच्या गावात विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीता स्वयंवर’ केलं आणि तो दिवस आज सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन म्हणून पाळतो. आदल्या वर्षी कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीला येऊन खेळ करून गेली होती. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या या तरुणाला सांगितलं, असं काहीतरी मराठीत कर. अण्णा, म्हणजे माझे वडील, ही गोष्ट अशी सांगायचे की जणू ते स्वतः दरबारात हजर होते. खाडिलकर सांगलीचे, देवल हरिपूरचे, बालगंधर्व नागठाण्याचे. शाळेतल्या पाढ्यांच्या आधी आम्हा बहिणींना ही नावं पाठ होती.

लग्न होऊन साताऱ्याला आले. साताराही काही कमी नाही बरं का. ज्या शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोश्यांनी हॅम्लेट गाजवला, तिच्या नावातलं शाहूनगर म्हणजे हेच आपलं सातारा. आणि त्या हॅम्लेटचं मराठी ‘विकारविलसित’ करणारे आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. आजही शाहू कलामंदिर आहे, मुंबई-पुण्याची नाटकं येतात. पण माझं नाटक लग्नानंतर जवळजवळ बंदच पडलं.

भांडण कुणाशी नव्हतं. अडचण होती ती वेळेची. नाटक रात्री साडेनऊचं. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं, सासूबाई त्यानंतर पाणीही घेत नाहीत. नोव्हेंबरात सहाला सूर्य बुडतो. म्हणजे पावणेसहाला जेवायचं आणि साडेबारा-एकला घरी यायचं. मध्यंतरात सगळं थिएटर बटाटेवड्याच्या वासाने भरलेलं. कंदमूळ आणि रात्रीभोजन एकाच कागदात गुंडाळून! पुन्हा पहाटे उठून बस्तीला अभिषेकाला जायचं. एकदा-दोनदा केलं, मग सोडून दिलं. आमचे हे म्हणाले, “मोबाईलवर सगळी नाटकं आहेत की.” आहेत. कपड्यांच्या घड्या घालता घालता मी बरीच पाहिलीही. दूध उतू जायला लागलं की थांबवायचं, पुन्हा लावायचं. नाटक बिचारं थांबतं. तिथेच काहीतरी चुकतं, असं मला नेहमी वाटायचं, पण नेमकं काय ते सांगता येत नव्हतं.

ते समजलं पंचकल्याणक पूजेत. तुमच्यापैकी कित्येकींनी त्यात इंद्राणीचा मुकुट घातला असेल, अष्टकुमारी होऊन चवऱ्या ढाळल्या असतील. मरुदेवी मातेची सोळा स्वप्नं, पाळणा, राज्याभिषेक, हे सगळं मांडवात आपणच करतो. आणि दीक्षाकल्याणकाच्या आधी नीलांजनेचं नृत्य होतं. ऋषभदेवांच्या दरबारात ती नाचत असते, नाचता नाचताच तिचं आयुष्य संपतं. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र त्याच क्षणी हुबेहूब तशीच दुसरी नर्तकी उभी करतो. दरबाराला पत्ता लागत नाही. ऋषभदेवांना मात्र कळतं की आत्ता होती ती ही नव्हे. तिथून वैराग्य. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात हा प्रसंग आहे, आणि मथुरेच्या कंकाली टिळ्यावर मिळालेल्या एका प्राचीन शिल्पातही तोच कोरलेला आहे असं अभ्यासक मानतात.

“नाटक-तमाशा म्हणजे रागद्वेष वाढवणं, आपल्या लोकांनी कशाला जावं?” असं विचारणाऱ्या एका काकींना मी हीच गोष्ट ऐकवली. आपल्या पहिल्या तीर्थंकरांना वैराग्य झालं ते समोर चाललेला कलेचा खेळ पाहताना. मोबाईलवरची नीलांजना मरत नाही. ती मागे घेऊन पुन्हा नाचवता येते. समोरच्या रंगमंचावर माणूस श्वास घेतो, तो श्वास आपल्याला दिसतो, आणि तो संपला की संपला. काकींना पटलं की नाही माहीत नाही. त्यांनी विषय पापडांवर नेला.

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या वर्षी सांगलीहून बहिणीचा फोन आला, “रविवारी दुपारी तीनला हौशी मंडळींचं संगीत शारदा आहे, येतेस?” दुपारी! मी डबा करायलाच घेतला. सासूबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यात नाटकाला कधी गेल्या नव्हत्या. बहिणीकडे पडून राहते म्हणून सोबत निघाल्या, आणि शेवटी थिएटरात आल्या.

शारदा 1899 सालचं. पैशासाठी पोटच्या पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट, आणि ऐन वेळी लग्न मोडणारा कोदंड. (शारदा कायदा या नाटकावरून आला असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही, तो हरबिलास सारडांच्या नावाचा, 1929 चा.) मला वाटलं होतं, सासूबाईंना तासाभरात डुलकी लागेल. दुसऱ्या अंकात त्यांनी माझं मनगट धरलं, आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही. शारदेचं काम करणारी मुलगी कॉलेजातली असावी. एका पदात वरच्या स्वराला तिचा आवाज फाटला, ती थांबली. ऑर्गनवाल्या काकांनी तोच सूर धरून ठेवला. सगळं थिएटर गप्प. सासूबाई खुर्चीच्या कडेला आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “म्हण पोरी, म्हण.” तिने तीच ओळ पुन्हा उचलली. मग ज्या टाळ्या पडल्या!

हे मोबाईलवर कसं व्हायचं? तिथे “म्हण पोरी” कुणाला म्हणायचं?

परतताना पावणेसहाला कासेगावच्या अलीकडे गाडी थांबवली, झाडाखाली डबा उघडला. दशमी, मुगाची उसळ, दही. सासूबाई जेवल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, “अक्काच्या वेळी कुणी आलं नाही.”

आमच्या घरात या अक्कांचं नाव मी वीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं. सासूबाईंची थोरली बहीण. तेराव्या वर्षी चाळिशीच्या बिजवराला दिली. कायदा होऊन तेव्हा वीस-बावीस वर्षं उलटली होती, गावात कुणाला पर्वा होती! सासूबाई पाच वर्षांच्या. अक्काने मांडवात आपला हात असाच घट्ट धरला होता, एवढंच त्यांना आठवतं. कराड मागे पडेपर्यंत त्या बोलत होत्या. आमचे हे गाडी चालवत होते, त्यांनाही आपल्या मावशीबद्दल हे पहिल्यांदाच कळत होतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. महिन्याकाठी निदान एक रविवार तरी साताऱ्यात आणि सांगलीत दुपारचा प्रयोग ठेवा. रात्री न जेवणारे आम्ही एकटेच नाही. म्हाताऱ्या आहेत, लहान पोरं आहेत, शेवटची एसटी धरणाऱ्या बायका आहेत. “दुपारी लोक येत नाहीत,” असं संयोजक सांगतात. मैत्रिणींनो, इथे आपली बाजूही लंगडी आहे. पंचकल्याणकात सवालाला आपण हजारांनी बोलतो आणि तीनशेचं तिकीट महाग म्हणून घरी बसतो. दुपारचा प्रयोग मागायचा तर खुर्च्या भरायची जबाबदारी आपली. आमच्या भिशीतल्या अकरा जणींनी नावं दिली आहेत. मी एका संयोजकांना फोन केला, ते म्हणाले, चाळीस तिकिटं आधी घेतलीत तर तीनचा प्रयोग लावून बघतो.

अकरा झाल्या, एकोणतीस हव्यात. साताऱ्यातल्यांनी मला कळवा, सांगलीच्या बाजूच्यांनी माझ्या बहिणीला. डब्याचं मी बघते. सासूबाईंनी विचारलंय, नाटक कोणतं आहे. मी सांगितलं, अजून ठरलं नाही. त्या म्हणाल्या, “कुठलं का असेना, पुढची खुर्ची घे. मागून त्या पोरींची तोंडं दिसत नाहीत.”