हुनर आपला, तारीख कुणाची?

उमरगा, कळंब, परंडा, भूम, तुळजापूर, कुठल्याही बाजारपेठेत जा. मोटर भरणारे, स्टार्टर दुरुस्त करणारे, रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळे उघडून पाहणारे कारागीर तिथे आहेत आणि त्यांत आपल्या समाजाची माणसे पुष्कळ आहेत. शेतीची थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकऱ्याने अंधारात, विंचू-सापाच्या भीतीत विहिरीवर जायचे, ही धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याची जुनी अडचण. त्यावर उपाय म्हणून स्टार्टरला मोबाइलचे सिम असलेला डबा जोडतात आणि घरी बसून मोटर चालू-बंद करतात. हा डबा आता नवा राहिलेला नाही. पण त्यात आपापल्या गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे फेरफार करणारी डोकी आपल्याच दुकानांत आहेत. रेंज नसली तर काय करायचे, एक फेज गेला तर मोटर जळू नये म्हणून काय करायचे, विहिरीचे पाणी तळाला गेले तर फोनवर निरोप कसा यावा, असे ते फेरफार. उद्या तोच फेरफार एखाद्या कारखान्याच्या छापील डब्यात दिसला, तर आपल्या मिस्त्रीच्या हातात काय उरेल?

आज याचे उत्तर आहे: काहीही नाही. कारण कागद नाही, आणि कागदावर तारीख नाही.

पेटंट म्हणजे टाटा-रिलायन्सचे काम, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. एकट्या माणसाने संगणकावरून अर्ज केला तर अर्जाची फी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या मागणीची ४,००० रुपये आहे. मोठ्या कंपनीला हेच ८,००० आणि २०,००० रुपये पडतात. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात. वकील किंवा एजंट लावलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. तेव्हा अडचण पैशाची आहे ती थोडी. परीक्षक आपला कागद कोणत्या नजरेने वाचतो याची कल्पना नसणे, ही खरी अडचण.

परीक्षक दुकानात येत नाही, डबा चालवून पाहत नाही. तो फक्त वाचतो. पेटंट कायदा १९७० प्रमाणे तो मुख्यतः तीन गोष्टी शोधतो. वस्तू नवी आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचली नसती का, आणि ती उद्योगात वापरता येईल का. तिसऱ्या प्रश्नावर आपला माणूस कधी अडत नाही. तो पहिल्या दोघांवर अडतो.

समजा, अर्जात हक्क मागितला की 'मोबाइलने शेतीपंप चालू-बंद करणारे यंत्र'. हा अर्ज तिथेच पडेल. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' या नावाने हेच काम केले आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. जगभर छापून आलेली ही गोष्ट परीक्षकाला सापडायला फार वेळ लागणार नाही. मग मिस्त्री म्हणेल, 'पण माझ्यात पाण्याचा सेन्सरही आहे.' त्यावर कलम ३ चे 'एफ' पोटकलम उभे राहते. माहीत असलेली साधने नुसती शेजारी-शेजारी जोडली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम करत राहिले, तर त्याला कायदा शोध मानत नाही. स्टार्टर स्टार्टरचे काम करतो, फोन फोनचे, सेन्सर सेन्सरचे. मग तुमचे काय?

तुमचे आहे ते या तिघांच्या मधले. समजा, रेंज तुटली असता डबा शेवटचा हुकूम आणि तारेतला करंट यांची सांगड घालून स्वतः ठरवतो की मोटर चालू ठेवायची की बंद करायची, आणि रेंज परत आल्यावर त्याचा हिशेब फोनवर पाठवतो. असे जोडकाम पूर्वी कुणी केलेले नसेल आणि त्यातून मोटर जळणे खरोखर टळत असेल, तर बोलण्यासारखे काही आहे. हक्क मागायचा तो एवढ्यावरच. आपले कारागीर नेमके उलट करतात. जे सर्वांचे आहे ते मोठ्या अक्षरांत मागतात आणि जे खरोखर त्यांचे आहे ते 'बारीकसारीक' म्हणून सोडून देतात.

बिनतारी यंत्रांच्या बाबतीत आणखी एक काटा आहे. त्यांचा निम्मा जीव प्रोग्रॅममध्ये असतो आणि कलम ३ चे 'के' पोटकलम नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. पण 'नुसत्या' या शब्दाला वजन आहे. फरीद अल्लानी यांचा २००२ सालचा अर्ज पेटंट कार्यालयाने नाकारला होता. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की प्रोग्रॅममुळे काही तांत्रिक परिणाम घडत असेल तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून दार बंद करता येणार नाही, आणि अर्ज पुन्हा तपासायला लावला. २०२० मध्ये अपील मंडळाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. अठरा वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवावे.

बिनतारीच्या शोधाची परीक्षा कशी होते, याचा सर्वांत मोठा धडा खुद्द मार्कोनीच्या प्रकरणात आहे. ठराविक लहरीवर यंत्र जुळवून घेण्याची, म्हणजे ट्यूनिंगची, त्याची युक्ती १९०० साली ब्रिटनमध्ये ७७७७ क्रमांकाने नोंदली गेली. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला त्याने अमेरिकेत अर्ज केला. तिथल्या परीक्षकांनी तो पुन्हा पुन्हा नाकारला. लॉज, टेस्ला, स्टोन यांची आधीची कामे समोर ठेवली. अखेर १९०४ मध्ये पेटंट मिळाले. पुढे मार्कोनीच्या कंपनीने अमेरिकन सरकारवरच दावा लावला आणि तो चालला कित्येक वर्षे. २१ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पेटंटातले महत्त्वाचे हक्क रद्द ठरवले. तोवर मार्कोनी वारून सहा वर्षे झाली होती. जॉन स्टोन याने आपली कल्पना १८९९ मध्येच मित्राला पत्रांतून कळवली होती, त्या पत्रांचा त्या निकालात उपयोग झाला. एवढा नावाजलेला माणूस, एवढी मोठी कंपनी. आणि दोन-तीन तारीखवार पत्रे त्यांना भारी पडली.

मात्र इथे एक फरक नीट समजून घ्यावा. त्या काळी अमेरिकेत आधी कुणी शोधले हे पाहत. आपल्याकडे आधी अर्ज कुणी केला हे पाहतात. म्हणून 'मी दहा वर्षांपूर्वीच केले होते, वहीत लिहिलेय' एवढ्यावर पेटंट तुम्हाला मिळणार नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्या देशातली आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींचा प्रयोग लोकांसमोर करून दाखवला. पेटंटाचा व्यापार त्यांना रुचत नव्हता. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहावरून १९०१ मध्ये त्यांच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राचा अमेरिकेत अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७,५५,८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यातून त्यांनी कमाई केली नाही. बोस हे प्राध्यापक होते, त्यांना ते शोभले. ज्याच्या घरची चूल सोल्डरिंगच्या कामावर पेटते त्याने त्यांचे अनुकरण करावे, असे मला वाटत नाही.

आपल्यातले काही दीनदार बंधू विचारतात की कल्पनेवर मालकी सांगणे जायज आहे काय. जुन्या उलमांपैकी काहींना हे पटत नव्हते, हे खरे. परंतु इस्लामी परिषदेच्या संघटनेची फिकह अकादमी डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला भरली, तेव्हा तिने ठराव केला की व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांचे हक्क शरीअतच्या दृष्टीने रक्षणीय आहेत, त्यांना आर्थिक किंमत आहे आणि ते मोडणे योग्य नाही. यात आपल्यावरही जबाबदारी येते. दुसऱ्याच्या डब्याची हुबेहूब नक्कल करून विकणाऱ्या दुकानदाराने हा ठराव फक्त स्वतःच्या फायद्यापुरता वाचू नये.

आणि पेटंट म्हणजे लपवाछपवी नव्हे, उलट आहे. अर्ज दिल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो जगासमोर छापला जातो. दुसऱ्या कारागिराला वाचून करता येईल इतके सविस्तर लिहावे लागते. बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क मिळतो. अल्-जझरी या आपल्या थोर कारागिराने सन १२०६ मध्ये पाणी उपसण्याच्या यंत्रांसह विविध यंत्रांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात असेच बारकाईने, आकृत्यांसह लिहिले आहे. त्याच्या काळात पेटंट नव्हते, तरी लिहून ठेवण्याची सवय होती. आमच्या उस्तादांनी ती सोडली आणि कित्येकांचे हुनर त्यांच्याबरोबर कबरीत गेले.

आता तारखेचे. आपल्या माणसाचा स्वभाव उघडा. डबा जमला की चहाच्या टपरीवर दाखवायचा, कृषी प्रदर्शनात मांडायचा, फोनवर चित्रफीत टाकायची, दहा नग विकायचे आणि मग कुणी सांगितले म्हणून अर्जाचा विचार करायचा. तोवर वस्तू 'नवी' राहिलेली नसते, आणि ती जुनी करणारे आपणच असतो. कायद्यात थोडी सवलत आहे. शेतात, उघड्यावर चाचणी घेतल्याशिवाय ज्याचे चालणे कळणारच नाही अशा वस्तूची, केवळ चाचणी म्हणून आणि तीही अर्जाआधीच्या एका वर्षात, घेतलेली परीक्षा कलम ३२ प्रमाणे आड येत नाही. विहिरीवरच्या बिनतारी यंत्राला हे लागू पडण्यासारखे आहे. पण विक्री म्हणजे चाचणी नव्हे. त्यापेक्षा आधी तात्पुरता अर्ज टाकावा. तारीख पक्की होते. पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. ते चुकले तर अर्ज सोडून दिला असे धरतात.

अर्ज टाकला म्हणून परीक्षण आपोआप सुरू होत नाही. त्याची वेगळी मागणी करावी लागते. मार्च २०२४ च्या नियमांनुसार त्यानंतरच्या नव्या अर्जांना ही मुदत ३१ महिन्यांची आहे, पूर्वी ४८ होती. मागणी केल्यावर परीक्षकाचा पहिला अहवाल येतो आणि तो जवळजवळ नेहमीच आक्षेपांनी भरलेला असतो. इथे आपला माणूस घाबरून बसतो. आक्षेप म्हणजे नकार नव्हे. उत्तराला ६ महिने मिळतात. परीक्षकाने पुढे केलेला जुना कागद वाचावा, आपल्यात आणि त्यात फरक कुठे आहे ते दाखवावे, गरज पडल्यास हक्क आखडता घ्यावा. मार्कोनीचा अर्जही सहज पास झाला नव्हता.

'हमखास पेटंट मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून मात्र सावध राहावे. असा शब्द प्रामाणिक एजंट देत नाही. नुसता अर्ज क्रमांक मिळाला की डब्यावर 'पेटंटेड' छापणारेही पाहण्यात येतात. त्याला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणखी एक गोंधळ आपल्या जिल्ह्यात आहे. कुंथलगिरीच्या खव्याला 'पेटंट मिळाले' असे सर्रास बोलतात. ते भौगोलिक मानांकन आहे, साऱ्या परिसराचे. पेटंट एका शोधाचे असते. शिवाय पेटंट हा धंद्याचा परवानाही नाही. रेडिओ लहरी सोडणारे यंत्र विकायचे तर दूरसंचार खात्याचे नियम वेगळे पाळावे लागतात.

माझी खरी तक्रार भाषेबद्दल आहे. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत घेतात, मराठीत नाही. ज्या माणसाने मराठीत विचार करून, उर्दूत हिशेब लिहून यंत्र बनवले, त्याने आपला शोध तिसऱ्या भाषेत सांगायचा आणि एका चुकलेल्या शब्दाने हक्क गमवायचा, हा कोणता न्याय? सरकारने तात्पुरता अर्ज तरी मराठीत स्वीकारावा. तारीख देण्यापुरते एवढे करायला काय हरकत आहे? तोवर हिंदीचा रस्ता मोकळा आहे आणि आपल्या बहुतेक कारागिरांना ती येते. तो वापरणारे फार थोडे दिसतात. गांधीनगरची राष्ट्रीय नवप्रवर्तन संस्था २००० सालापासून शाळा न शिकलेल्या शोधकांचेही अर्ज करून देत आली आहे, तिच्याशी पत्रव्यवहार करता येतो. आणि धाराशिवच्या जिल्हा उद्योग केंद्राकडे आपल्या व्यापारी मंडळांनी एक मागणी लेखी करावी: महिन्यातून एक दिवस जाणकार माणूस बसवा, जो कारागिराचे तोंडी म्हणणे ऐकून हिंदीत तात्पुरता अर्ज लिहून देईल. मागणीच्या अर्जावर तारीख टाकायला आणि पोच घ्यायला विसरू नये.