जुन्या कॅसेटमधील निम्मी हालचाल कुठे जाते?

दिल्लीच्या करोल बागेत लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्यांची गर्दी जुनी आहे. सोन्याच्या गलाईसाठी सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून येऊन तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या कपाटांतही जुनी लग्ने, मुंजी, गणेशोत्सव व्हीएचएस अथवा मिनीडीव्ही कॅसेटमध्ये बंद आहेत. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले. तेव्हा या कॅसेटींची संगणकीय प्रत करून घेण्याची घाई रास्तच आहे. प्रश्न प्रत कशी होते, हा आहे.

भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी असतात आणि त्यांपैकी ५७६ दृश्य असतात. मात्र त्या एकाच क्षणी टिपलेल्या नसतात. कॅमेरा आधी एकाआड एक २८८ ओळी टिपतो आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला ‘फील्ड’ म्हणतात. मर्यादित लहरींतून चित्र पाठवायचे, पडदा लुकलुकू द्यायचा नाही आणि हालचालही सलग दिसायला हवी, या तिन्ही मागण्यांना दिलेले हे चतुर उत्तर होते. काचेच्या नळीच्या जुन्या संचावर ते बिनबोभाट चालले. आजचा सपाट पडदा मात्र सगळ्या ओळी एकदम दाखवतो. त्यामुळे दोन वेगळे क्षण एका चौकटीत येतात आणि वरातीत नाचणाऱ्याच्या हाताला फणीसारखे दाते फुटतात.

हे दाते घालविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक फील्ड सरळ फेकून देणे. चित्र स्वच्छ दिसते, गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. पण सेकंदाला टिपलेल्या ५० क्षणांपैकी २५ गेलेले असतात आणि उरलेल्यांचा तपशीलही २८८ ओळींचाच असतो. दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळले तर चेहऱ्यामागे भुतासारखी सावली येते. त्याहून वाईट म्हणजे ओळी न जुळविताच चित्राची उंची कमी-जास्त करणे. मग विषम आणि सम ओळी अशा कालवल्या जातात की पुढे कोणतेही सॉफ्टवेअर त्यांना धडपणे वेगळे करू शकत नाही.

योग्य मार्ग अवघड नाही. प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण चौकट तयार करून सेकंदाला ५० चौकटींची फाइल करावी. ‘बीडब्ल्यूडीआयएफ’सारखी विनामूल्य साधने हे काम चांगले करतात. फील्डचा क्रम तेवढा तपासावा लागतो: मिनीडीव्हीत खालचे फील्ड आधी येते, डीव्हीडीत बहुधा वरचे. तो उलटला की नवरदेव एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे असा चालतो! केवळ दूरचित्रवाणीवरच पाहायचे असेल, तर फील्ड तसेच ठेवूनही एच.२६४ मध्ये फाइल करता येते. भारतातील बहुतेक एचडी वाहिन्या आजही १०८०आय, म्हणजे एकाआड एक ओळींच्याच असल्याने संचात त्या जुळविण्याची सोय असतेच. एच.२६५ साठी मात्र आधी ओळी जुळवून घेणे बरे.

वेळ आणि जागा जास्त लागते, हा व्यावसायिकांचा आक्षेप खोटा नाही, पण तोकडा आहे. मिनीडीव्हीची हुबेहूब प्रत तासाला सुमारे १३ जीबी होते. तीन तासांचे लग्न ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सहज मावते. लग्नाच्या खर्चाशी या पेनड्राइव्हच्या किमतीची तुलनाही होणार नाही. म्हणून पाहण्याची फाइल आणि फील्डना हात न लावलेली मूळ प्रत, अशा दोन्ही गोष्टी देणे हा या धंद्याचा साधा रिवाज व्हायला हवा. ग्राहकाला फील्ड म्हणजे काय हे कळण्याची गरज नाही; ते दुकानदाराला कळले पाहिजे. कारण फाइल हातात पडली की बहुतेक घरांत कॅसेट भंगारात जाते आणि त्यानंतर त्या वरातीची दुसरी नोंद कुठेच नसते.