अभिषेक झाला, ऐक्याचे काय?

औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजनाला उभ्या राहणाऱ्या वारकऱ्याला गादी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. गादी म्हणजे नुसते आसन नव्हे. एका गुरूने शिष्याच्या मस्तकी ठेवलेला हात, त्या शिष्याने पुढच्याच्या मस्तकी ठेवलेला हात, अशी ती साखळी असते. ती जोवर एक असते तोवर संप्रदाय नांदतो. एकाच गादीवर दोघे हक्क सांगू लागले की भजन मागे पडते आणि वकीलपत्रे पुढे येतात, हे महाराष्ट्रातील वाचकाला नवे नाही. म्हणूनच लेबनॉनमधील अत्शाने येथे २५ मार्च २०२५ रोजी झालेल्या अभिषेकाकडे दूरच्या कोणा परक्या पंथाची घरगुती बाब म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

त्या दिवशी सीरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे पात्रिआर्क इग्नेशियस अफ्रेम दुसरे यांनी केरळच्या जोसेफ मार ग्रेगोरियोस यांना कॅथोलिकोस पदाचा अभिषेक केला आणि ते बसेलियोस जोसेफ झाले. त्यांचे पूर्वाधिकारी बसेलियोस थॉमस पहिले हे ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तले होते. पद रिकामे झाले, ते भरले, एवढ्यावर हे थांबते तर लिहिण्याजोगे काही उरले नसते. परंतु कोट्टायम येथे बसेलियोस मार्थोमा मॅथ्यूज तिसरे हे १५ ऑक्टोबर २०२१ पासून त्याच नावाच्या पदावर विराजमान आहेत. दोघेही संत थॉमसचा वारसा सांगतात, दोघांची उपासना एकाच सुरियानी परंपरेतील आहे, श्रद्धेच्या कलमांत बोट ठेवावे असा भेद नाही. भेद आहे तो एवढाच की, एक पक्ष पात्रिआर्कला सर्वोच्च मानतो आणि दुसरा भारतातील चर्चला स्वयंशासित मानतो. पहिल्या पक्षाला याकोबाइट म्हणतात, दुसऱ्याला ऑर्थोडॉक्स.

या चर्चचा जन्मच एका वादग्रस्त अभिषेकातून झाला आहे. पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांच्या वर्चस्वाला विटलेल्या केरळी ख्रिस्ती जनांनी १६५३ साली मट्टनचेरी येथे क्रुसाची शपथ घेतली आणि पुढे बारा धर्मगुरूंनी आपल्यातील थॉमस नावाच्या अर्काडेकनच्या मस्तकी हात ठेवून त्यास बिशप केले. बिशपनेच बिशप करावा, हा नियम. तो मोडला होता. १६६५ साली जेरुसलेमचे मार ग्रेगोरियोस आले आणि पात्रिआर्कच्या परंपरेशी नाते जोडले गेले, तेव्हा कुठे ती त्रुटी भरून निघाली. थोडक्यात, स्वातंत्र्याची आकांक्षा येथली आणि मान्यतेची मोहोर बाहेरची, अशी ही गाठ सुरुवातीलाच पडली. ती सुटलेली नाही. १९१२ साली कॅथोलिकोसपद भारतात आले तेच मुळी एका पदच्युत पात्रिआर्कच्या हातून, आणि त्यावरून चर्च दुभंगले.

मराठी वाचकाला या कथेचे अधिक जवळचे पान गोव्यात सापडेल. वेर्णे येथे १८३६ साली जन्मलेले आंतोनियो फ्रांसिस्को झेवियर आल्वारिस हे कॅथलिक धर्मगुरू होते. पोर्तुगालच्या राजाला आशियातील चर्चवर नेमणुकांचा जो हक्क होता, तो पाद्रुआदो म्हणून ओळखला जाई. १८८६ साली रोम व पोर्तुगाल यांच्यात करार होऊन त्याची व्याप्ती घटली. ब्रिटिश हिंदुस्थान आणि सिलोनमधील अनेक गोमंतकीय मंडळ्यांना आपले धर्मगुरू जातील व युरोपीय मिशनरी येतील, असे दिसू लागले. आपल्याला कोणी विचारलेच नाही, ही त्यांची खंत होती आणि ती खोटी नव्हती. या असंतोषातून आल्वारिस केरळात गेले. १८८९ साली तेथील ऑर्थोडॉक्स बिशपांनी त्यांना अभिषेक केला व ते मार ज्युलियस झाले. अभिषेक करणाऱ्यांत परुमलाचे गीवर्गीस मार ग्रेगोरियोस होते, ज्यांना आज केरळात संत म्हणून पूजिले जाते.

रोमने त्यांना बहिष्कृत केले. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने बिशपचा वेष धारण केल्याच्या आरोपावरून त्यांना अटक केली. (ज्या राज्यात वस्त्र कोणते घालावे हे पोलिसांनी ठरवावे, तेथे धर्मस्वातंत्र्य कितपत असेल ते सांगावयास नको.) मार ज्युलियस यांनी रायबंदर-पणजीच्या परिसरात रोगी आणि दरिद्री यांच्या सेवेत उरलेले आयुष्य घालविले. २३ सप्टेंबर १९२३ रोजी ते वारले. त्यांच्यामागून निघालेली मंडळी आजही कर्नाटकातील ब्रह्मावर येथे आहे. ती कोंकणी बोलते आणि तिने आपल्या जुन्या लॅटिन उपासनेचा वारसा ऑर्थोडॉक्स छत्राखाली दीर्घकाळ जपला.

पण याच मार ज्युलियस यांच्या हातून १८९२ साली कोलंबो येथे रने व्हिलात या धर्मगुरूचा अभिषेक झाला. ते अमेरिकेत परतले, त्यांनी आणखी काहींना बिशप केले, त्यांनी आणखी काहींना. आज पाश्चात्त्य देशांत अशा कित्येक लहानसहान मंडळ्या आहेत, ज्यांचा बिशप आपली वंशावळ अचूक सांगू शकतो, मात्र शेजारचे कोणतेही मोठे चर्च त्याला ओळखत नाही. परंपरेची साखळी शाबूत आहे आणि ऐक्य मात्र नाही. मस्तकी हात ठेवल्याने बिशप होतो हे खरे, परंतु त्याने चर्च एक होत नाही. चर्च एक होते ते इतर बिशपांनी आणि खालच्या जनांनी त्याला आपला म्हटल्याने. लेबनॉनमध्ये जे झाले त्यात विधीची कोणतीही उणीव नसेल; उणीव आहे ती या संमतीची.

ही संमती न्यायालयातून मिळवता येईल, असा ऑर्थोडॉक्स पक्षाचा समज दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी १९३४ ची घटना सर्व मलंकर मंडळ्यांना बंधनकारक ठरविली, आणि हजाराहून अधिक चर्चचा कारभार त्या घटनेनुसार चालावा, असा निकाल दिला. कायद्याने त्यांची बाजू भक्कम आहे. पण किल्ली ताब्यात घेण्यास पोलिसांचा बंदोबस्त लागतो आणि दारात प्रार्थना म्हणत बसलेल्या वृद्धांना उचलून बाजूला करावे लागते, तेव्हा जिंकले काय, याचा हिशेब त्यांनीच करावा. पंढरपूरच्या मंदिरात बडवे-उत्पातांचे हक्क कायद्याने संपुष्टात आले व २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेथे प्रश्न व्यवस्थापनाचा होता म्हणून तो न्यायालयात सुटला. वारकऱ्याने कोणाच्या हातून माळ घालावी, हे त्या निकालाने ठरविले नाही आणि ठरविता आलेही नसते.

पात्रिआर्कच्या पक्षाचाही दोष कमी नाही. निकाल विरोधात गेल्यावर वाटाघाटीच्या बैठकीत न बसता परदेशात दुसरे पद उभे करणे, हा आपल्या जनांना धीर देण्याचा मार्ग असू शकेल; समेटाचा नव्हे. त्या समारंभास भारतातून सरकारी शिष्टमंडळे गेली, हे तर सर्वथा अनुचित झाले. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश अमलात आणण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी एका पक्षाच्या अभिषेकास मानाच्या रांगेत बसावयाचे नसते. उद्या दुसऱ्या पक्षाने विचारले तर सरकार काय उत्तर देणार?

समेट अशक्य आहे, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन्ही पक्षांनी एकमेकांना मान्यता दिली होती आणि १९६४ साली पात्रिआर्क स्वतः केरळात येऊन कॅथोलिकोसच्या अभिषेकास उपस्थित राहिले होते. ते ऐक्य सत्तरच्या दशकात पुन्हा तुटले. महाराष्ट्रातच नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मिळून उत्तर भारताचे चर्च स्थापन केले. कोणाची दीक्षा खरी व कोणाची अपुरी, हा वाद तेथेही होता. तो त्यांनी एकमेकांच्या मस्तकी हात ठेवून मिटविला. कोणी हरले नाही. वर्षानुवर्षांच्या चर्चेनंतर मेथडिस्टांचा एक मोठा गट अखेरच्या घटकेस बाहेर राहिला, हे खरे. परंतु जे आत आले त्यांपैकी बहुतेक आजही एकत्र आहेत.

केरळात या भांडणाची झळ कोणाला लागली, हे पाहावयाचे तर स्मशानभूमीत जावे. चर्चचा ताबा बदलला की दफनभूमीचाही बदले, आणि मृताचे नातेवाईक 'आपल्या' धर्मगुरूसह आत येऊ पाहत तेव्हा फाटक बंद होई. प्रेते दिवसचे दिवस ताटकळली. अखेर केरळ सरकारला २०२० साली कायदा करावा लागला की, ज्या दफनभूमीत पूर्वज पुरले आहेत तेथे पुरले जाण्याचा हक्क दोन्ही पक्षांच्या माणसाला आहे. त्या कायद्यानुसार मृताचे कुटुंबीय तेथील धर्मगुरूची प्रार्थना नाकारू शकतात आणि आपल्या धर्मगुरूकडून ती अन्यत्र करवून घेऊ शकतात. म्हणजे प्रार्थना एका ठिकाणी होते आणि त्यानंतर प्रेत दुसऱ्या ठिकाणी, आजोबांच्या शेजारी, मातीत ठेवले जाते.