किल्लीच्या जुडग्यातील विजेरी

चातुर्मासात रात्री दुकान वाढवून घरी परतणाऱ्या श्रावकाच्या वाटेवर गोगलगायी, गांडुळे, मुंग्या असतात. चार हात भूमी पाहून चालण्याची ईर्यासमिती मुनींची; तथापि गृहस्थानेही तिचा अंश पाळावा. त्यासाठी किल्लीच्या जुडग्यात अडकवलेली, चार्ज होणारी लहान विजेरी पुरते. ती निवडताना कमाल प्रकाशाच्या आकड्यास भुलू नये. पायापुढील भूमी दिसण्यास 10 ते 20 ल्युमेन पुरेसे; प्रखर झोत कीटकांनाच ओढून आणतो. मंद प्रकाशाची सोय, खिशात चुकून न दाबली जाणारी कळ, पावसाचे शिंतोडे सोसणारी आयपीएक्स-4 घडण आणि मोबाइलच्याच टाइप-सी वायरने होणारे चार्जिंग, एवढे पाहावे. न वापरताही बॅटरी हळूहळू उतरते. म्हणून चतुर्दशीस ती आठवणीने चार्ज करावी. ऐन अंधारात विझलेली विजेरी ना धन्यास उपयोगी, ना वाटेवरच्या जीवास.