गंजणारी गाडी आणि स्प्रेचा डबा

पाऊस लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात चहाच्या टपरीवर एकच विषय असतो, पऱ्हाटीवर काय फवारायचे. आता त्यात आणखी एका फवारणीची भर पडली आहे. मोटारसायकलला गंज लागू नये म्हणून काय फवारायचे?

गेल्या महिन्यात आमचा भाचा दारव्ह्याहून आला तो हाच प्रश्न घेऊन. गाडी हप्त्यावर घेतलेली, हप्ते अजून फिटायचे आहेत आणि चेनवर, स्पोकवर, स्टँडवर तांबडी पूड दिसू लागलेली. म्हणाला, "मामाजी, दुकानात चार डबे दाखवले. दुकानदार म्हणते, सारेच चांगले. कोणता घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण ज्या घरी एकच गाडी आहे, तिच्यावरच कामाला जाणे, मुलीला कॉलेजात सोडणे आणि रात्री-बेरात्री आईला दवाखान्यात नेणे आहे, त्या घराला तो साधा नाही. म्हणून आम्ही चारही डब्यांवरील मजकूर वाचला, ओळखीच्या मिस्त्रीजवळ बसलो, आणि जे समजले ते वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आधी गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगून सुटतो आणि आत नवे लोखंड उघडे पडते. खार मिळाला की हे काम झपाट्याने होते. आपल्याकडे समुद्र नाही, पण खत आहे. पोटॅशमध्ये क्लोराईड असते, युरिया हवेतील ओल ओढून घेतो. कॅरिअरवर पोते बांधून आणले, चार दाणे सांदीत अडकले, की तिथेच गंजाला सुरुवात होते. रात्री गाडी गोठ्यात उभी केली तर गोमूत्राची वाफ आणि ओल असतेच. स्प्रेचे काम एवढेच की लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये एक पडदा उभा करणे. तो पडदा किती दिवस टिकतो, यावर डब्याची किंमत ठरवायची.

पहिला डबा पातळ तेलाचा. सर्वांना ठाऊक असलेला डब्ल्यूडी-४० याच जातीचा. तो १९५३ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे तयार झाला. 'पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयोग' असा त्या नावाचा अर्थ. अॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तो प्रथम वापरला गेला. ओल हटवणे आणि जाम झालेला बोल्ट सोडवणे यात हा प्रकार तरबेज. २०२३ च्या जुलैत यवतमाळ शहरात आणि महागाव तालुक्यात पूर आला होता. अशा पाण्यात गाडी बुडाली तर किक मारू नका. आधी मिस्त्रीकडून इंजिनातले पाणी व ऑईल काढून घ्या. वायरच्या जोडांतली ओल मात्र हा पातळ स्प्रे हटवतो. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर नाजूक असतो. रोज भिजणाऱ्या गाडीवर तो थोडेच दिवस पुरतो.

दुसरा डबा घट्ट, मेणासारखा थर देणारा. डब्यावर 'वॅक्स' किंवा 'रस्ट प्रिव्हेंटिव्ह' असे शब्द असतात. हा वाळला की पातळ साल धरतो आणि पावसाने लवकर धुऊन जात नाही. स्टँड, मडगार्डची आतली बाजू, चेसिसचे जोड, कॅरिअर यांसाठी हाच योग्य. दिसायला थोडा मळकट दिसतो, पण पावसाळ्यासाठी घ्यायचा तर हा घ्यावा.

तिसरा सिलिकॉनचा. तो रबर आणि प्लास्टिकसाठी चांगला आहे. पण टायरवर किंवा सीटवर मारून गाडी चमकवू नका, घसरून पडाल.

चौथा चेनचा. चेन ही धूळ, चिखल आणि ताण तिन्ही सोसते, तिला चिकटून राहणारे तेलच हवे. हा स्प्रे नसेल तर मिस्त्री वापरतात ते ९० नंबरचे गिअर ऑईलही चालते. पहिल्या डब्यावर चेनचे भागत नाही.

बरेच जण जळालेले इंजिन ऑईल फासतात, कारण ते फुकट मिळते. पण त्यात काजळी आणि आम्ल असते, रबर फुगते, धूळ बसते, आणि हाताच्या कातडीला ते घातक आहे. ते टाळलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही चूक आमच्याच घरी घडली. थोरल्या मुलाने उत्साहाच्या भरात पूर्ण चाकावर स्प्रे मारला. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना. नशीब, समोर कोणी नव्हते. नालीत जाऊन कोपर सोलपटले तेवढ्यावर भागले. ब्रेकची डिस्क, ड्रम आणि शू यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये. तिथे जुनी चादर बांधा, मगच फवारा. गंजलेला स्पोक बदलता येतो, माणूस बदलून मिळत नाही.

सायलेन्सरचीही एक गंमत आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते. चौकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा सायलेन्सर नीट तापत नाही, पाणी आतच राहते आणि तो आतून सडतो. यावर कोणताही डबा चालत नाही. खाली बारीक भोक असेल तर ते मोकळे ठेवा आणि आठवड्यातून एकदा गाडी दूरवर चालवा. गरम सायलेन्सरवर स्प्रे मारणे तर आगीला बोलावणे आहे.

डबा सांभाळायचाही एक नियम आहे. आत दाबाखाली पेट घेणारा वायू असतो. ५० अंशांच्या वर तो तापू देऊ नये, असे डब्यावर लिहिलेले असते. आपला उन्हाळा आणि टिनाचे घर ध्यानात घ्या. डबा सावलीत, चुलीपासून आणि लेकरांपासून दूर ठेवा. रिकामा डबा जाळू नका.

पद्धत सोपी आहे. बुद्धपौर्णिमा झाली की मृगाच्या आत गाडी धुवा, सांदीतले खत काढा, उन्हात पूर्ण वाळवा, दिसणारा गंज घासून काढा, मगच दुसऱ्या डब्यातील थर द्या. चिखलावर मारलेला महागडा स्प्रे ओल आतच कोंडतो. मधल्या उघडिपीत थर पुन्हा द्या. प्लास्टिकचे कव्हर ओल्या गाडीवर टाकू नका.

विश्वास बसत नसेल तर घरी पाच खिळे घ्या. एक तसाच ठेवा, चारांवर चार स्प्रे मारा, पावसात ठेवा आणि महिनाभराने पाहा. त्यासाठी चार घरांनी मिळून एकेक डबा घेतला तर कोणाच्याही खिशाला भार होणार नाही.

भाच्याने तेच केले. मेणाचा डबा त्याने घेतला, चेनचा शेजाऱ्याने. परवा निरोप आला, "मामाजी, ब्रेकवर चादर बांधली होती जी." आम्हाला तेवढे ऐकायचे होते.